काळ्याची खुर्ची

आमच्या घरात बुद्धिबळ उलटं खेळलं जायचं. बाकीचे लोक पट मांडून पुढची चाल शोधतात. आमचे अण्णा मांडलेल्या पटाकडं बघत मागच्या चाली शोधत बसायचे. कोण कुठून आलं, कोण कुठं मारलं गेलं, राजा जागचा हललाय की नाही. भूपाल मगदूम म्हटल्यावर सांगलीत लोकांना गणिताचे मास्तर आठवतात. उलट कोडी रचणारे मगदूम म्हणून त्यांना ओळखणारी माणसं दूरदेशी होती. गावात असा एकच माणूस होता, विश्रामबागेतले नाना लिमये.

मी लहान असताना अण्णांनी मला एक सोपं कोडं घातलं होतं. पांढऱ्याची दोन प्यादी आपापल्या घरात उभी आहेत, एकदाही न हललेली. त्यांच्यामागचा उंट मात्र जागेवर नाही. "उंट तिरका चालतो, आणि त्याच्या दोन्ही वाटा या प्याद्यांनी अडवल्यात. मग गेला कुठं?" मी पटभर शोधलं. "कुठं गेलाच नाही गं," अण्णा म्हणाले, "घरात बसल्या बसल्या मारला गेला." मला त्या उंटाची फार दया आली होती.

या कोड्यांचा एक नियम आहे आणि तो व्रतासारखा पाळला जातो. कोड्याला उकल एकच हवी. मांडलेल्या पटाला दुसराही एखादा भूतकाळ शक्य आहे असं कुणी दाखवलं, की कोडं बाद. मग रचणारा काय करतो? एखादं प्यादं जास्तीचं ठेवतो, असं की त्या दुसऱ्या भूतकाळाची वाट बंद व्हावी. अण्णा रचायचे आणि नाना मोडायचे. नानांचा फोन आला की अण्णांचा चेहरा पडायचा. "मास्तर, तुमचं कोडं फुटलं!" एवढं बोलून नाना हसत सुटायचे, आणि अण्णा दोन दिवस जेवणात मीठ आहे की नाही हेही न कळता जेवायचे. तरी दोघांचं एकमेकांवाचून चालत नव्हतं. माझा धाकटा भाऊ अभिनंदन म्हणायचा, "अक्का, या दोघांचं लग्न लावून द्यायला पाहिजे होतं."

अवनी सरदेशमुख आमच्याकडं पहिल्यांदा आली तेव्हा मी तिला भडंग आणि चहा दिला होता. पुण्याच्या एका कंपनीत ती यंत्रांना शिकवायची. बोलायला लाघवी, अण्णांना वाकून नमस्कार करणारी. आमच्या यंत्राला तुमची सगळी कोडी द्या, म्हणाली.

"यंत्राला बुद्धिबळ खेळायचंय काय?" अण्णांनी विचारलं.

"नाही सर. त्याला खोल्या वाचायच्यात."

मग तिनं समजावून सांगितलं. खोली म्हणजे एक पट. टेबलावरची धूळ, कपाच्या कानावरचा बोटांचा तेलकटपणा, गालिच्याचे मुडपलेले धागे, खुर्चीच्या गादीचा न भरलेला खड्डा, हे सगळे मोहरे. मोहऱ्यांना चालण्याचे नियम असतात तसे यांनाही असतात. धूळ वरून खालीच पडते, चहा निवतच जातो, गादी ठरलेल्या वेगानं फुगते, माणूस एका वेळी दोन ठिकाणी असत नाही. मोजमाप करणारी उपकरणं आता इतकी बारीक झाली होती, की कातडीचा एक कण कुठल्या थरावर पडलाय तेही दिसायचं. त्यावरून एकेक पाऊल मागं जायचं आणि खोलीत काय घडलं ते सांगायचं. यंत्राचं नाव त्यांनी ठेवलं होतं मागोवा.

अडचण एकच होती. मागोवाला एकेका खोलीचे ढीगभर भूतकाळ सापडायचे. असं असूही शकेल, तसं असूही शकेल. कोर्टाला असलं उत्तर काय कामाचं? एकच उत्तर काढण्याची शिस्त लावायला त्यांना अण्णांची कोडी हवी होती.

अण्णा खूश झाले. आयुष्यभर ज्याला लोक रिकामटेकडा उद्योग म्हणाले त्याचं कुणाला तरी काम पडत होतं. त्यांनी सगळं दिलं आणि जाताना अवनीला एवढंच बजावलं, "आमच्यात एक रीत आहे. राजा आधी हललाय असं सिद्ध होत नाही, तोवर कॅसलिंगचा, म्हणजे हत्तीच्या आडोशाला जायचा, त्याचा हक्क काढून घेत नाहीत. यंत्राला तेवढं शिकव."

"शिकवते की सर," अवनी म्हणाली.

ते शिकवायचं राहिलं. दुसरं मात्र यंत्र न शिकवता शिकलं. कोड्यामागून कोडी सोडवून त्यानं मनाशी पक्कं केलं, की कुठल्याही मांडणीला भूतकाळ एकच असतो. कोड्यात तो एकच असतो खरा, कारण बाकीचे मारून टाकायला अण्णा महिनोन्‌महिने खपलेले असतात. खऱ्या खोलीत असं कुणी खपलेलं नसतं. तिथं एकाच मांडणीला दहा वाटा येऊन मिळतात, आणि यंत्र त्यातली एक उचलून बाकीच्या नव्हत्याच म्हणतं. ही इतकी साधी गोष्ट ना अण्णांच्या ध्यानात आली, ना त्या पुण्याच्या हुशार मंडळींच्या.

सुरुवातीला लोकांनी मागोवाची गंमत केली. समोरच्या शिरगुप्पे काकूंनी बर्फी कुणी संपवली ते बघायला भाड्याचं छोटं यंत्र आणलं आणि नवरा सापडला. सगळी गल्ली हसली. पुढं घटस्फोटात ते आलं, घरमालकांनी आणलं, विम्याच्या लोकांनी आणलं. मग कायदा झाला. मागोवानं काढलेल्या इतिहासाला 'निश्चित भूतकाळ' म्हणायचं आणि माणसाची आठवण त्याच्याखाली धरायची. लोक दुसऱ्याच्या घरी गेले की उभ्यानंच बोलायला लागले. पाहुण्यानं कपाला हात लावण्याआधी यजमानाकडं बघावं अशी नवीच रीत पडली. मला तेव्हाच भीती वाटायला लागली होती, पण आपलं काय वाकडं होणार, आपण काय केलंय, असंही वाटायचं. सगळ्यांनाच तसं वाटायचं.

नाना लिमये थंडीत गेले. हृदयाचं दुखणं जुनंच होतं, जिभेखाली ठेवायच्या गोळ्यांची डबी कायम टेबलावर असायची. अभीचं विश्रामबागेत औषधांचं दुकान, त्यामुळं डबी भरून द्यायला तोच जायचा, कधी पटासमोरच्या खुर्चीत घटकाभर टेकायचाही. त्या दिवशीही सकाळी तो गेला, डबी भरली, दारातच नानांशी दोन शब्द बोलला आणि दुकानात आला. दुपारी कामवाल्या बाईंना नाना जमिनीवर सापडले. टेबलावर अण्णांचंच कोडं मांडलेलं होतं. डबी टेबलावर नव्हती, मागच्या उंच फळीवर होती.

एकटा माणूस घरात मेला की मागोवाची गाडी यायचीच. संध्याकाळी पोलीस अभीला घेऊन गेले.

मागोवा म्हणत होतं, पटावर दोन माणसं बसली होती. पांढऱ्याच्या खुर्चीत नाना, काळ्याच्या खुर्चीत दुसरा कुणीतरी. दोन्ही गाद्यांचे खड्डे ताजे होते, दोन्ही बाजूंचे मोहरे आपापल्या बाजूनं हलवलेले होते. नानांना कळ आली तेव्हा काळ्याच्या खुर्चीतला माणूस उठला, त्यानं डबी उचलून फळीवर ठेवली आणि तो निघून गेला. डबीवर अभीचे हात होते. खुर्चीवर त्याच्या सदऱ्याचे धागे होते. उकल एक.

अण्णा कोठडीत अभीला भेटायला गेले तेव्हा मी बरोबर होते. मला वाटलं, ते पोराच्या पाठीवरून हात फिरवतील. त्यांनी गजांपलीकडं बघत विचारलं, "अभी, खरं सांग. डबी तू हलवलीस काय?"

अभीचा चेहरा उतरला. "अण्णा, तुम्ही पण?"

"उकल एकच आहे म्हणतात रे."

"मग मी खोटं बोलतोय, असंच ना?"

अण्णा वळून दाराकडं चालू लागले. मला इतका संताप आला, की बाहेर आल्यावर मी रस्त्यातच त्यांच्यावर ओरडले. "आयुष्यभर नानाकाका तुमच्या एकाच उकलीच्या चिंध्या करत आले, आणि पोराच्या वेळी तुम्हाला यंत्राची उकल खरी वाटते? बसा पट मांडून. फोडा हे कोडं!"

ते खाली मान घालून चालत राहिले. घरी येऊन त्यांनी नानांच्या टेबलावरची मांडणी पटावर लावली. जेवण नाही, बोलणं नाही. मी बस्तीत देवदर्शन करून आले तरी ते तसेच बसलेले. मग एकदम त्यांनी कपाळावर हात मारून घेतला.

"त्रिशला, काळ्याच्या खुर्चीत नानाच होता गं."

"म्हणजे?"

"उलट कोडं सोडवताना पांढऱ्याची चाल मागं घ्यायची, मग काळ्याची. नाना एकटा असला की काळ्याची चाल मागं घ्यायला उठून पलीकडच्या खुर्चीत जायचा. म्हणायचा, त्याच्या बाजूला बसल्याशिवाय तो कुठून आला ते कळत नाही. चारचौघांत करायला लाजायचा. मी एकदा खिडकीतून बघितलं होतं. आणि डबी... उलट कोड्यात मेलेले मोहरे पटावर परत येतात. ते आधी बाजूला मांडून ठेवायला टेबलावर जागा लागते. डबी आड आली असेल, त्यानं मागच्या फळीवर सारली. कळ आली तेव्हा हात पोचला नाही."

आम्ही दोघंही रडलो. नाना दोन खुर्च्यांत एकटेच फिरत होते आणि आम्ही इथं आपल्या घरात होतो. रडता रडता मला हलकंही वाटलं, कारण अभी सुटणार होता. दुसरी उकल निघाली होती. कोडं बाद.

अवनी आता मागोवाच्या सांगलीतल्या कचेरीची प्रमुख होती. तिनं सगळं नीट ऐकून घेतलं आणि तिचे डोळे चमकले. "सुंदर आहे सर. खरंच सुंदर."

"मग कोडं बाद ना?" मी विचारलं.

"बाद कशाला? दुसरी उकल निघाली तर काय करायचं ते सरांनीच शिकवलंय आम्हाला. एक प्यादं वाढवायचं." ती मान हलवत म्हणाली. "नानांची ही सवय पटावर कुठंच नाही. ती फक्त सरांच्या आठवणीत आहे. आरोपीच्या वडलांची आठवण, तिला यंत्र काय किंमत देणार? पटावर ठेवता येईल असं काहीतरी आणा. नाहीतर पहिली उकल कायम."

"आणि कॅसलिंगचा हक्क?" अण्णांनी हळूच विचारलं. "सिद्ध होत नाही तोवर?"

अवनी ओशाळली. "ते घातलं की पुन्हा ढीगभर उत्तरं यायची सर. घातलंच नाही."

"कुठली गोष्ट यंत्र पक्की धरतं?" अण्णा विचारत होते, अगदी वर्गात शंका विचारावी तसे.

"प्रत्यक्ष खुणा. आणि माणसानं स्वतःच्या विरोधात दिलेला जबाब. स्वतःचं नुकसान करून कुणी खोटं बोलत नाही, असं धरलंय."

परत येताना अण्णा आयर्विन पुलावर थोडा वेळ थांबले. नदीकडं बघत म्हणाले, "प्यादं ठेवायची जागा एकच असते बघ. दुसरीकडं ठेवलं की सगळं कोडं मोडतं." मला वाटलं, म्हातारा अजून कोड्यातच आहे.

सकाळी ते घरात नव्हते. पोलीस ठाण्यात मी पोचले तेव्हा जबाब झाला होता. काळ्याच्या खुर्चीत मी होतो, असं त्यांनी सांगितलं होतं. नानानं माझ्या कोड्यात दुसरी उकल काढली, मला राग आला, त्याला कळ आली तेव्हा डबी मीच उचलून फळीवर ठेवली. यंत्राची उकल त्यांनी जशीच्या तशी ठेवली होती, फक्त एका मोहऱ्याचं नाव बदललं होतं. त्या खुर्चीत अण्णा वर्षानुवर्षं बसत आले होते, तिच्या विणीविणीत त्यांच्या खुणा होत्या, आणि नानांच्या हातात कितीदा दिलेल्या त्या डबीवरही.

मी किंचाळलेच असते. नाना गेले त्या दिवशी सकाळभर अण्णा आमच्या मागच्या व्हरांड्यात माझ्यासमोर बसून पावटे सोलत होते. माझ्या डोळ्यांसमोर. कधी खोटं न बोलण्याचं सत्याणुव्रत घेतलेला माणूस, दुकानदारानं चुकून दिलेली सुटी नाणी परत करायला उन्हातून जाणारा. त्यांनी माझं मनगट धरलं.

"पावटे तू सोललेस. एकटीनं," ते हळू आवाजात म्हणाले. "आणि अभीला काही सांगायचं नाही. तो लगेच येऊन खरं बोलेल. प्यादं उचललं की पहिली उकल परत उभी राहते. कळलं?"

"अण्णा, मी सांगणार. तुम्ही घरी होता म्हणून सांगणार."

"मग दोघांतला एक निवड," ते म्हणाले. "मी निवडलाय. तू पोराला परत आत घालू नको."

मला एकच आशा उरली होती. मागोवा आमच्या घरी येणार होतं, जबाब पडताळून बघायला. माणसाला फसवता येईल, यंत्र कसं फसेल? व्हरांड्यातल्या खुर्चीचा खड्डा, कुंडीत पडलेली सालं, सगळं त्याला दिसेल. अण्णा नको म्हणत होते ते यंत्रच करेल, आणि माझं तोंड बंदच राहील. दोघंही सुटतील अशी काहीतरी वाट निघेल, असंही मला वाटत होतं.

माणसं आली, उपकरणं लावली, घरभर निळसर उजेड फिरवला. अवनीनं मला पडद्यावर आमचा व्हरांडा दाखवला. मी पाटावर बसलेली, पावटे सोलते आहे. समोरची खुर्ची रिकामी. जबाब पक्का धरला होता आणि त्याच्याभोवती आमच्या घराची सगळी धूळ गुमान जुळून बसली होती. खुर्चीतल्या खुणा आदल्या दिवशीच्या ठरल्या. सालांवरचे त्यांचे हात, भाजी आणली तेव्हाचे.

"उकल एकच आहे," अवनी म्हणाली. मग खालच्या आवाजात, "मला फार वाईट वाटतं गं. आमच्या यंत्राचे ते गुरू."

मी त्या पडद्याकडं बघत राहिले. इतक्या सहज. त्या दिवशी मी उठून आत पाणी आणायला गेले होते का? गेले होते. किती वेळ? पडद्यावरची मी इतकी ठाम होती, की खरी मीच चाचपडायला लागले.

अभी सुटला. घरी आला तो दाढी वाढलेला, डोळे तांबारलेला. मी ताट वाढलं. त्यानं घास मोडला नाही.

"एका कोड्यापायी," तो म्हणाला. "नानाकाकांना मरताना बघत बसले. वर मला येऊन विचारतात, तू हलवलीस काय! स्वतः करून, माझ्या तोंडावर!"

"अभी, असं बोलू नको."

"का नको? ते तिथं नव्हते असं सांग. सांग की! तू तर घरी होतीस."

त्याला हवं होतं मी सांगावं. लहानपणी पडला की माझ्याकडं बघायचा, रडायचं की नाही ते ठरवायला, अगदी तसा बघत होता. एक शब्द बोलले असते तर बापाचा मुलगा बापाला परत मिळाला असता आणि दुसऱ्या दिवशी कोठडीत गेला असता.

"मी एकटीच होते," मी म्हटलं.

तो उठला. अण्णांचा पट उचलून त्यानं माळ्यावर टाकला. त्यानंतर त्यानं अण्णांचं नाव काढलं नाही, भेटायलाही गेला नाही. बस्तीत लोक माझ्याकडं कीव आल्यासारखं बघतात. मास्तरांच्या रागावर आता सगळे बोलतात. वर्गात कसे चिडायचे ते सांगतात. अण्णा वर्गात कधीच चिडत नव्हते. पण सांगणाऱ्यांना आता तसं आठवतं, आणि ते खोटं बोलत नसतात.

गेल्या महिन्यात अवनीचा फोन आला. नव्या मागोवाला शिकवायला नमुन्याचं प्रकरण म्हणून त्यांनी नानांची खोली घेतलीय. "सगळ्यात स्वच्छ उकल," असं ती म्हणाली. आता गावोगावची यंत्रं त्या खोलीवरून शिकतील. माणूस काळ्याच्या खुर्चीत बसलेला असतो, दुखणं येतं, तो डबी उचलतो आणि निघून जातो, हे ती शिकतील. रिकाम्या घरात एकटा माणूस आपल्याच समोर जाऊन बसतो, हे त्यांना कधीच कळणार नाही.

काल मी अण्णांना भेटून आले. भेटीच्या खोलीतही भिंतीवर मागोवाचा निळा डोळा आहे. टेबलाला कुणी हात लावत नाही. अण्णा वाळलेत. सूर्यास्ताच्या आत जेवण मिळतं का विचारलं, तर मिळतं म्हणाले. अभी कसा आहे, दुकान चालतं का, त्यांनी विचारलं. तो आला नाही याबद्दल काही विचारलं नाही.

मग अगदी सहज विचारल्यासारखं म्हणाले, "पावट्याचे दिवस आले असतील ना गं? त्या दिवशीचे पावटे कुणी सोलले होते?"

मी त्यांच्या डोळ्यांत बघितलं. नानांचं एखादं उत्तर तपासताना ते असेच बघायचे, कुठं फट राहिली नाही ना म्हणून. त्यांचा अंगठा टेबलाखाली हलत होता, शेंगेची शीर काढावी तसा.

"मी, अण्णा," मी म्हटलं. "मी एकटीनं सोलले. तुम्ही घरी नव्हता."

त्यांनी समाधानानं मान डोलावली. "बरोबर. मग दुसरी उकल नाही."